तीन बोटं आणि एक पिनकोड

खाणीतल्या ठेकेदाराचा मुनशी दुकानात आला तेव्हा मी पीकविम्याचा फॉर्म भरत बसले होते. मार्च २०२२ चा पहिला आठवडा. "ताई, तो समझोता काढा. फक्त नाव बदलायचं हाय," तो म्हणाला.

फाइल माझ्या संगणकात होतीच, 'समझोता' याच नावाची. कधीतरी मीच टाइप करून ठेवलेली, पानाला तीस रुपये घेऊन. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर प्रिंट काढायची, नाव, वय आणि रक्कम बदलायची, की झालं. 'मी स्वखुशीने लिहून देतो की, मला झालेल्या किरकोळ दुखापतीपोटी औषधोपचाराचा खर्च व रोख रुपये अमुक मिळाले असून यापुढे माझा कंपनीवर कोणताही हक्क वा दावा राहणार नाही.' मुनशीनं रक्कम सांगितली, चाळीस हजार. मग नाव सांगितलं. ते आमच्या मागच्या खोलीतल्या भाडेकरूचं होतं.

"प्रिंटरची शाई संपली," मी म्हटलं. संपली नव्हती.

आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान वर्धा नदीच्या काठच्या कोळसा पट्ट्यात आहे. नदीच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे यवतमाळ, आणि दोन्हीकडे खाणी. या भागात कोळसा निघायला लागला तो वरोऱ्याला, १८७० च्या दशकात, आणि तेव्हापासून खाणीवर माणूस बाहेरूनच येत आला आहे. आमच्या गल्लीत तेलुगू बोलणारी घरं आहेत, छत्तीसगढी आहेत. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर कायम झालेले त्यांचे बाप-आजे निवृत्त होऊन गेले. आता खुल्या खाणीत कोळशावरची माती-दगड काढायचं काम, म्हणजे ओबी, ठेक्यावर जातं. मोठी ठेकेदार कंपनी डंपर आणि पोकलेन घेऊन येते, माणसं पेटी ठेकेदार, म्हणजे तिचा पोटठेकेदार, पुरवतो. ही माणसं बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशातून येतात, तीन-चार जण मिळून एक खोली घेतात आणि पाळीपाळीनं झोपतात.

आमचा भाडेकरू डंपरच्या टायरवर होता. टायर काढणे, बसवणे, हवा भरणे. वय ३०. मला तो आधी ओळखीचा झाला त्याच्या बोटामुळे. दुकानात आधारवर पैसे काढायचं यंत्र आहे. सगळे त्याला अंगठा मशीन म्हणतात, पण याचा अंगठा कधी लागायचा नाही. रबर आणि ग्रीसनं उजव्या हाताच्या रेषा पार घासून गेलेल्या. खूप खटपट करून शेवटी डाव्या हाताची अनामिका चालली, तेव्हापासून महिन्याला तो तेच बोट पुढे करायचा. ९ फेब्रुवारीला दुपारपाळीत हवा भरताना टायर धरून ठेवणारी रिमची लॉक-रिंग उडाली. रिंग उडालीच तर अडावी म्हणून टायर पिंजऱ्यात ठेवून हवा भरायची असते. पिंजरा होता, पण वर्कशॉपच्या मागे भंगारात पडलेला. डाव्या हाताची मधली, अनामिका आणि करंगळी गेली.

चंद्रपूरच्या खासगी दवाखान्यात ठेकेदारानं नेलं आणि बिलही भरलं, हे खरं. पण डिस्चार्ज कार्डावर कारण लिहिलं होतं, 'घरी दरवाज्यात हात सापडला'. आमच्या खोलीच्या दरवाज्यात! सासूबाईंनी ते ऐकलं आणि त्या उखडल्या. "आमच्या दरवाज्यात का लोखंडाची रिंग हाय? काऊन बाप्पा खोटं लिवता?"

ठेकेदाराची घाई कशासाठी होती ते पुढे कळलं. अवयव कायमचा जाणं म्हणजे खाण कायद्याच्या भाषेत गंभीर इजा. ती झाली की खाण सुरक्षा महानिदेशालयाला कळवावं लागतं, जागा हलवता येत नाही, चौकशी होते. दरवाज्यात हात सापडला की यातलं काही होत नाही. चाळीस हजार आणि बल्लारशाहहून दानापूर गाडीचं तिकीट दिलं की माणूस नजरेआड.

मी काय करणार होते? मला पीएफचे फॉर्म भरता येतात, कायदा येत नाही. लाल बावट्याचे एक निवृत्त काका रोज पेपर वाचायला दुकानात येतात, त्यांना तो समझोता दाखवला. ते चष्मा पुसत म्हणाले, "या कागदावर भजी खा." १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याचं कलम १७ असं आहे, की कामगारानं आपला हक्क सोडल्याचा करार केला तरी तो रद्दबातल. तडजोड करायचीच असेल तर या कायद्याखालच्या आयुक्ताकडे तिची नोंद करावी लागते, आणि रक्कम कमी वाटली तर आयुक्त ती नाकारू शकतात. म्हणजे इतकी वर्षं तीस-तीस रुपयांत मी टाइप करत होते तो निव्वळ भीतीचा कागद होता.

त्या रात्री मी फोल्डर उघडला. आमच्या भाडेकरूच्या आधीची नऊ नावं. दाव्याची मुदत दोन वर्षांची असते. मुदतीतले चारच निघाले. दोघांचे नंबर बंद. एकाच्या बायकोनं फोन उचलला आणि 'रहने दीजिए दीदी' म्हणून ठेवून दिला. चौथा सुरतला दुसऱ्या कामावर लागला होता, त्याला कटकट नको होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. घरच्यांनाही नाही.

वकील चंद्रपूरला मिळाले. त्यांनी आधी हिशेब मांडून दाखवला, आणि तो मी जसाच्या तसा देते, कारण पुष्कळांना वाटतं भरपाई म्हणजे साहेबाच्या मनात येईल ती रक्कम. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी महिन्याच्या पगाराचे ६० टक्के धरायचे. पगार कितीही असला तरी २०२० पासून तो १५,००० पर्यंतच धरतात, म्हणजे ९,०००. त्याला वयाच्या आकड्यानं गुणायचं. ३० वर्षांसाठी कायद्याच्या तक्त्यात तो २०७.९८ आहे. झाले १८,७१,८२०. एका हाताची तीन बोटं गेली तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं कायद्याचं परिशिष्टच सांगतं. म्हणून ५,६१,५४६ रुपये. वर, पैसे एका महिन्यात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज.

भाडेकरू हिशेब ऐकत होता. "और वो चालीस हजार देते थे," एवढंच बोलला आणि बँडेजकडे बघत राहिला.

ऑगस्टमध्ये दावा दाखल झाला. आपल्याकडे कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच या कायद्याखाली आयुक्त असतात. सामनेवाले तीन : पेटी ठेकेदार, मोठी ठेकेदार कंपनी आणि खाण कंपनी. तिघांचे जवाब आले तेव्हा मी ते दुकानात एकाखाली एक ठेवून वाचले. खाण म्हणाली, हा आमचा कामगार नाही, ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणाला, आमचा नाही, पेटीचा. पेटी म्हणाला, माझा होता, नऊ हजारांवर, पण ७ तारखेलाच काम सोडून गेला. एका माणसाची तीन बोटं गेली आणि तो कुणाचाच नव्हता.

आता इथे दोन कागदांनी काम केलं, आणि दोन्ही त्यांचेच होते.

पहिला पासबुक. ठेका कामगाराचा पगार बँकेतून द्यावा लागतो म्हणून दर महिन्याला तेवीस हजारांच्या आसपास रक्कम जमा व्हायची, आणि त्याच दिवशी एटीएममधून दहा हजार निघायचे. कार्ड मुनशीकडे असे. सगळ्यांचीच कार्डं त्याच्याकडे, रबर बँड लावून. उरलेले पैसे आमचा माणूस माझ्याकडे बोट लावून काढायचा. पण जमा रकमेसमोर नाव छापलं होतं मोठ्या ठेकेदार कंपनीचं. म्हणजे पगार कुणी दिला तेही सिद्ध आणि किती दिला तेही. नऊ हजारांची गोष्ट तिथेच संपली. उलटतपासणीत त्यांचे वकील पगारावर एक प्रश्न विचारेनात. त्याच्या हातात खरे तेराच हजार पडतात असं म्हणायचं, तर उरलेले दहा कोण नेतं हेही सांगावं लागलं असतं.

दुसरा कागद व्हीटीसीचा, म्हणजे खाणीच्या व्यावसायिक प्रशिक्षण केंद्राचा. खाणीत कुणालाही आधी वैद्यकीय तपासणी आणि व्यावसायिक प्रशिक्षण झाल्याशिवाय कामाला लावता येत नाही. प्रशिक्षणाचे तर १९६६ चे नियमच आहेत तसे. त्यामुळे ठेकेदाराच्या प्रत्येक माणसाचा फोटो आणि अर्ज खाणीच्या प्रशिक्षण केंद्रात असतो. आमच्या वकिलांनी तो अर्ज आणि प्रथमोपचार खोलीचं रजिस्टर हजर करायला लावलं. रजिस्टरात ९ तारखेची नोंद सापडली, 'टायर रिंग, डावा हात, पट्टी करून रवाना'. कंपाउंडरनं सवयीनं खरं लिहून टाकलं होतं. बिचाऱ्याला कुणी सांगायचं विसरलं असावं.

व्हीटीसीच्या अर्जावर मात्र घोळ निघाला. आमचा भाडेकरू बिहारच्या औरंगाबाद जिल्ह्यातला. अर्ज भरणाऱ्या बाबूनं आधारवर 'औरंगाबाद' वाचलं आणि पुढे 'महाराष्ट्र' लिहून मोकळा झाला. समोरच्या वकिलांना हे आयतंच मिळालं. प्रशिक्षण घेतलेला माणूस मराठवाड्यातला आहे, हा बिहारचा, नावं सारखी आहेत इतकंच! फोटो जुना, दाढीतला, झेरॉक्सची झेरॉक्स होऊन काळा पडलेला. आमचे वकीलही क्षणभर गप्प झाले.

मी मागच्या बाकावर होते. तारीख संपल्यावर त्या अर्जाची नक्कल मागून घेतली आणि बसमध्ये वाचत आले. पंधरा वर्षं मी दुसरं काय केलंय, फॉर्मच तर वाचलेत. पत्त्याच्या शेवटच्या चौकटीत बाबूनं आधारवरचा पिन जसाच्या तसा उतरवला होता, आठ-दोन-चारनं सुरू होणारा. आपला औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, ४३१ नं सुरू होतो. महाराष्ट्रातला एकही पिन आठनं सुरू होत नाही. आठ म्हणजे बिहार-झारखंड. बसमध्येच वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, "बाई, आधी जेवू द्या." पण पुढच्या तारखेला पिनकोड आणि आधारचे शेवटचे चार आकडे समोर ठेवले, आणि तो मुद्दा पुन्हा कुणी काढला नाही.

या 'महाराष्ट्र'चा आणखी एक अर्थ होता, तो काकांनी दाखवला. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यानं ठेकेदारानं परराज्यातून आणलेल्या माणसाला महिन्याच्या पगाराच्या निम्मा विस्थापन भत्ता आणि येण्या-जाण्याचा खर्च द्यायचा असे, आणि गंभीर अपघात झाला तर दोन्ही राज्यांना आणि घरच्यांना कळवायचं असे. कागदावर माणूस महाराष्ट्राचाच झाला की ठेकेदाराचं हे सगळं वाचायचं. बाबूची चूक खरंच चूक होती का? मला विचाराल तर होती. त्याला बिहारातलं औरंगाबाद माहीतच नसणार. काकांना विचाराल तर ते हसतात.

मधली दोन वर्षं मी सांगत बसत नाही. सरकारी दवाखान्यातून अपंगत्वाचा दाखला, तारखा, वकील बदलले, संप झाला, साहेबांची बदली झाली. भाडेकरू गावाहून चार वेळा आला. दर वेळी अनुग्रह नारायण रोड स्टेशनहून निघून मुगलसरायला गाडी बदलून बल्लारशाहला उतरायचा आणि आमच्याच खोलीत टेकायचा. त्या दिवसांचं भाडं घ्यायचं की नाही यावर घरात वाद झाला, घेतलं नाही. साक्षीच्या दिवशी त्याची जबानी मराठीत टाइप झाली आणि त्याला हिंदीत वाचून दाखवली. सही करताना त्यानं कागद धरायला डावा हात ठेवला, अंगठा आणि पहिलं बोट, चिमट्यासारखा. साहेबांनी ते पाहिलं. मला वाटतं दाखल्यापेक्षा ते जास्त बोललं, पण हे माझं वाटणं.

डिसेंबर २०२४ मध्ये आदेश झाला. रक्कम पूर्ण ५,६१,५४६ आणि व्याज. कलम १२ प्रमाणे खाण कंपनीसुद्धा देण्यास जबाबदार. काम तिच्या धंद्याचं, तिच्या हद्दीतलं, मग ठेकेदार मध्ये आहे म्हणून तिला अंग काढता येत नाही. तिनं आधी द्यावं आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करावं. ते अपील करणार अशी कुजबुज होती. पण मालकाला अपील करायचं तर आदेशाची रक्कम आधी आयुक्ताकडे भरावी लागते. मग ते बेत विरले. पैसे न्यायालयात जमा झाले आणि तिथून त्याच्या खात्यात. कार्ड या वेळी त्याच्या खिशात होतं.

नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे नव्या संहितांमध्ये गेले आहेत. आमचा दावा जुन्याखालचा होता, तेव्हा माझी कलमं डोळे झाकून उतरवू नका, वकिलाला विचारा. कागद मात्र तेच लागतील : गेटपास, व्हीटीसी, पासबुक, पहिल्या पट्टीची नोंद. अपघाताच्या दिवशीच त्यांचे फोटो काढून गावी पाठवून द्या.

भाडेकरूचा कोळसा खाणींचा पीएफ अजून अडकलाय, आडनावात एक अक्षर जास्त पडलंय म्हणून. त्याची फाइल माझ्या टेबलावर आहे. मुनशी आता समोरच्या नव्या झेरॉक्सवाल्याकडे जातो.

गेल्या आठवड्यात भाडेकरूचा फोन आला. त्यानं गावात रस्त्यावर पंक्चरचं दुकान टाकलंय, हवा भरायला पिंजरा बनवून घेतलाय लोहाराकडून. "दीदी, भतीजा निकल रहा है शुक्रवार की गाड़ी से. उसी खदान में. कमरा खाली है क्या?"

मी म्हटलं, खोली आहे. त्याचा आधार आधी मला पाठव. फॉर्मवर राज्य मी लिहिणार.