ऑलिव्हचं काळं पाणी आणि ॲझोटोबॅक्टर

माझी अख्खी नोकरी ॲझोटोबॅक्टर वाढवण्यात गेली. पेरणीआधी गुळाच्या पाण्यात कालवून ज्वारी-गव्हाच्या बियाण्याला चोळतात, तोच जिवाणू. ग्रीसमधल्या मेसिनियात, कालामाता ऑलिव्हच्या मुलखात, त्याच्याच एका भाऊबंदाला तेलघाण्यांचं सांडपाणी खायला घातलं होतं, हे वाचल्यापासून तो प्रयोग माझ्या डोक्यातून जात नाही.

हे पाणी फार जहाल. जुन्या पद्धतीच्या सेंट्रिफ्यूजमधून तेल, चोथा आणि काळपट पाणी वेगवेगळं निघतं. टनभर फळामागे पाणी हजार लिटर किंवा त्याहून जास्त. सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण रासायनिक पद्धतीने जाळायला लागणारा ऑक्सिजन, लिटरला १०० ग्रॅमच्याही वर जाऊ शकतो. डिस्टिलरीचा स्पेंट वॉश, म्हणजे दारू गाळून उरलेलं सांडपाणी, हाताळलेल्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. पण खरं दुखणं फिनॉलचं, म्हणजे फळातल्या कडवट-तुरट द्रव्यांचं. तेलात उतरली की आरोग्यदायी म्हणून नावाजली जाणारी ही द्रव्यं बरीचशी पाण्यातच जातात. तिथे ती बी उगवू देत नाहीत आणि मिथेन बनवणाऱ्या जिवाणूंनाही मारक ठरतात. त्यामुळे बायोगॅसचा नेहमीचा मार्ग इथे अडखळतो.

ॲझोटोबॅक्टर मात्र टिकतो. पाण्यात साखर, सेंद्रिय आम्लं, पालाश भरपूर, नत्र तुटपुंजं. हा गडी नत्र हवेतून घेतो. चुन्याने आम्लता मारायची, हवा खेळती ठेवायची आणि टाकीतलं थोडं जुनं पाणी विरजणासारखं राखून त्यात नवं घालत राहायचं, म्हणजे फिनॉलला सरावलेले जिवाणू हाताशी राहतात. ते फिनॉल फोडतात, शिवाय मातीचे कण बांधणारा चिकट द्रवही सोडतात. मेसिनियातल्या प्रायोगिक प्रकल्पावरचा निबंध १९९६ साली छापून आला. पाण्याचं खत करून ते शेताला द्यायचं, हा त्या संशोधकांचा हेतू मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

असं पाणी निवळलं का, हे बघायला जगभर वापरतात ते बी म्हणजे आपले अळीव! ओल्या कागदावर किती रुजले आणि मूळ किती लांब फुटलं, ते मोजायचं. सीओडीच्या आकड्यापेक्षा माझा या चाचणीवर जास्त विश्वास आहे.

अडचण हंगामाची. घाणे छोटे, विखुरलेले, आणि चालतात जेमतेम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा भरायला वीज लागते. त्यापेक्षा पाणी तळ्यात सोडून उन्हात आटवणं स्वस्त. मला ते पटत नाही, कारण पालाश तळाच्या गाळात अडकतो आणि वास गावाला सोसावा लागतो. दहा-बारा घाण्यांनी मिळून एक टाकी बांधावी आणि बिनहंगामात कल्चर, म्हणजे जिवाणूंचं विरजण, जिवंत ठेवायला जवळच्या लॅबला पैसे द्यावेत. ते काम अवघड नाही, मी वर्षानुवर्षं केलं आहे.