लेबल लावताना वरची कड नका बघू, अक्षरं बघा

विंडोज फॉर्म्सच्या (विंडोजच्या प्रोग्रॅमच्या खिडक्या बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनाच्या) डिझायनरमधे लेबल, म्हणजे नुसता लिहिलेला मजकूर, आणि शेजारचा टेक्स्टबॉक्स, म्हणजे टाइप करायचा चौकोन, एका ओळीत आणायचा म्हटलं की बरेच जण दोन्ही सिलेक्ट करतात आणि अलाइन टॉप्स, म्हणजे वरच्या कडा सारख्या, करून मोकळे होतात. मग लेबलवरची अक्षरं वर लटकल्यासारखी दिसतात, कारण टेक्स्टबॉक्सला बॉर्डर असते, आत थोडी जागा असते, त्यामुळे वरच्या कडा जुळल्या तरी आतला मजकूर खालीच राहतो. आणि फॉर्म भरणारा माणूस कडा बघतच नाही हो, तो वाचत असतो! म्हणून जुळवायची ती बेसलाइन, म्हणजे अक्षरं ज्या रेषेवर बसतात ती.

हा डिझायनर ज्यात असतो त्या व्हिज्युअल स्टुडिओच्या 2005 च्या आवृत्तीत स्नॅपलाइन्स, म्हणजे वस्तू सरकवताना दिसणाऱ्या जुळणीच्या रेघा, आल्या तेव्हापासून हे फार सोपं झालंय. लेबल ओढत टेक्स्टबॉक्सजवळ न्यायचं, कडा जुळल्या की निळी रेघ येते, मजकूर जुळला की गुलाबी, ती गुलाबी दिसली की सोडून द्यायचं. माउस नको असेल तर बाणाची बटणं एकेक पिक्सेल सरकवतात आणि कीबोर्डवरचं कंट्रोल (Ctrl) दाबून बाण मारला की वस्तू थेट पुढच्या स्नॅपलाइनवर जाते. रेघाच दिसत नसतील तर ऑप्शन्समधे लेआउट मोड स्नॅप टू ग्रिडवर आहे का बघा, तो स्नॅपलाइन्सवर हवा.

दोन बटणांमधलं अंतरही अंदाजाने ठेवू नका. प्रत्येक बटणाचं मार्जिन, म्हणजे भोवतीची मोकळी जागा, मुळात 3 पिक्सेल असतं, दोघांचं मिळून 6, तेवढ्यावर डिझायनर स्वतःच थांबवतो.

बाकी फॉरमॅट मेनूतून जुळवणं आणि एकसारखा आकार करणं निवडलेल्यांपैकी एका मुख्य कंट्रोलच्या (बटण, बॉक्स अशा वस्तूच्या) हिशोबाने होतं, त्याचे हँडल्स, म्हणजे कडेचे छोटे चौकोन, वेगळ्या रंगाचे असतात, तेवढं आधी बघून घ्यायचं.

पण खिडकी मोठी केली की काय? अँकर, म्हणजे वस्तू खिडकीच्या कोणत्या कडांना बांधलेली आहे ते, मुळात टॉप आणि लेफ्ट असतो, म्हणजे बॉक्स जागचा हलत नाही आणि उजवीकडे नुसती मोकळी जागा वाढत जाते. टेक्स्टबॉक्सला राइटही लावा, ओके-कॅन्सलला फक्त बॉटम आणि राइट. आणि लेबलांचा मजकूर दुसऱ्या भाषेत जाणार असेल, तो लांबणारच, तर माझं स्पष्ट मत आहे की हाताने जुळवत बसूच नये, टेबल लेआउट पॅनेल, म्हणजे ओळी आणि खाने असलेला तक्ता, घ्यावं, लेबलांचा कॉलम ऑटोसाइज (मजकुराप्रमाणे आपोआप रुंद होणारा) ठेवावा, लेबलाचं ऑटोसाइज चालू ठेवून अँकर फक्त लेफ्ट द्यावा, मग ते आपल्या खान्यात उभं मधोमध बसतं.