बोरामाच्या वाटेवर

आफ्रिकेतल्या सोमालीलँडच्या राजधानीत, हरगेसात, चहावाल्यापासून सगळे एकच विचारतात, "मा नबद बा?" शांतता आहे ना? "वा नबद," म्हणायचं. चौकातल्या चौथऱ्यावरचं मिग विमान पाहिलं आणि माझ्यासाठी तो प्रश्न नुसता रामराम राहिला नाही. 1988 साली सोमालियाचा हुकूमशहा सियाद बारे याच्या राजवटीनं याच शहरावर बॉम्ब टाकले. विमानं उडायची तीही इथल्याच विमानतळावरून.

मला ओढ होती पश्चिमेकडच्या बोरामा शहराची. भाड्याच्या गाडीत दाटीवाटीनं बसून निघालो. गबिलेजवळ ज्वारीची शेतं लागली आणि मी खिडकीला नाक लावून बघत राहिले. इतक्या लांब येऊन ज्वारी!

1991 मध्ये सोमालीलँड सोमालियापासून वेगळा झाला, पण पुढच्याच वर्षी बुरओ आणि बरबेरा या शहरांत आपसात बंदुका चालल्या. भांडण मुख्यतः इसाक कुळाच्या शाखांमधलं. बोरामाचे गदाबुर्सी कुळाचे लोक त्यात नव्हते, म्हणून 1993 च्या जानेवारीत सगळे तह करायला त्यांच्या दारी जमले. मताचा अधिकार असलेले दीडशे वडीलधारे, आणि बैठक उठली थेट मे महिन्यात. खर्चाचा मोठा भार लोकांनी, व्यापाऱ्यांनी आणि परदेशातल्या नातलगांनी उचलला. एगाल नावाचे नेते सोमालीलँडचे अध्यक्ष झाले, आणि वडीलधाऱ्यांची गुर्ती संसदेचं वरिष्ठ सभागृह बनली.

टपरीवर वेलची घातलेला शाह, म्हणजे तिथला चहा, पिताना एक आजोबा भेटले. तहाच्या कलमांबद्दल ते फारसं बोललेच नाहीत. "आमच्या घरी तीन पाहुणे होते," म्हणाले, "रोज दूध कुठून आणायचं, ही आईची काळजी." कोणत्या कुळाला किती जागा, यावरच दिवसच्या दिवस गेल्याचं त्यांना आठवत होतं. मला तो वेळ वाया गेलेला वाटत नाही. भांडण मोजूनमापून सोडवायचं तर वेळ लागणारच.

हरगेसाला परतल्यावर 'अकादमी फॉर पीस अँड डेव्हलपमेंट' या 1999 पासूनच्या संस्थेत गेले. इथले संशोधक आधी लोकांनाच विचारतात की तुमच्यापुढचा प्रश्न कोणता. लिहून झालं की ते पुन्हा लोकांपुढे मांडतात आणि वाद घालू देतात. गावोगावचे तोंडी तहही त्यांनी असेच माणसं गाठून नोंदवले. हे काम संपलेलं नाही. 2023 मध्ये पूर्वेकडच्या लास अनोद शहरात पुन्हा युद्ध पेटलं, आणि तिकडचे बरेच लोक या राज्याला आपलं मानत नाहीत हे उघड झालं.

मला खटकलं ते बायकांचं. बोरामात त्यांना मत नव्हतं. परंपरेनुसार पुरुषाच्या खुनाची भरपाई शंभर उंट, बाईच्या खुनाची पन्नास.

हे मी शहरात भेटलेल्या एका तरुण संशोधिकेजवळ बोलले. ती म्हणाली, "माझ्या आजीचं माहेर एका कुळात, सासर दुसऱ्यात. दोन्हीकडची माणसं गेली. तिला कुणी काही विचारलं नाही."

म्हणून रेकॉर्डर हाती आला तेव्हा ती सगळ्यात आधी आजीकडे गेली होती.