दोनशे मीटरचं घड्याळ आणि आठशे फुटांचा बोअर

आमच्या वरुड तालुक्यात, म्हणजे विदर्भातल्या संत्र्याच्या पट्ट्यात, मनगटावर ‘डायव्हर्स २०० मी.’ लिहिलेलं जाडजूड घड्याळ घालून फिरलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. कितीला पडलं, आणि हे घालून खरंच दोनशे मीटर खाली जाता येते का? पहिल्याचं खरं उत्तर मी घरीसुद्धा दिलेलं नाही. दुसऱ्याचं देतो.

नाही. दोनशे मीटरवर माझ्यासारखा कोणी जात नाही. तारकर्लीला मी जो ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स केला त्याची मर्यादा १८ मीटर. हौशी माणसाने पुढचे सगळे कोर्स केले तरी ४० मीटरला हद्द संपते. मग दोनशे कशाला? तर तो आकडा दाबाचा आहे. पाण्यात दर १० मीटरला साधारण एक वातावरणाचा दाब वाढत जातो, म्हणजे २०० मीटरला वीस बार (एक बार म्हणजे साधारण एक वातावरणाचा दाब). घड्याळावर ‘डायव्हर्स’ हा शब्द छापायचा तर आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक पाळावं लागतं, आणि त्यात लिहिलेल्या आकड्याच्या सव्वापट दाब देऊन तपासणी होते. दोनशेवालं घड्याळ पंचवीस बारवर दोन तास. साध्या घड्याळांवर जे ‘३० मीटर’ लिहिलेलं असतं ते हात धुणे आणि पावसाचे चार थेंब, एवढ्यापुरतं. ते वाचून विहिरीत मुटका मारणारे आमच्या गावात कमी नाहीत.

बाबांना हे समजावून सांगितलं तर ते म्हणाले, “मंग आपल्या बोअरात सोडून पाह्य एकडाव.” आमचा शेवटचा बोअर ८०० फूट गेला, म्हणजे २४४ मीटर. हिशेबाने घड्याळ तिथे पुरणार नाही. पण बोअरमध्ये पाणीच नाही, त्यामुळे दाबही नाही. घड्याळ सुखरूप राहील, काढायचं कसं तेवढं बघा.

आता मुद्द्याचं. समुद्र आमच्यापासून कुठल्याही दिशेने लांबच. आंबिया बहाराची संत्री निघाली, हातात पैसा खेळला, की वर्षातले थोडे दिवस मालवण-तारकर्ली, कधी मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट. बाकीचं सगळं वर्ष हे घड्याळ बगीच्यात असतं. म्हणून माझं म्हणणं असं की विदर्भातल्या माणसाने डायव्हिंगचं घड्याळ निवडताना समुद्राआधी आपल्या उन्हाचा विचार करावा. पाणी आत शिरतं समुद्रात, पण त्याला वाट होते ती इथे, जमिनीवर.

घड्याळाचा जलरोधकपणा काही जादू नाही. मागचं झाकण, काच आणि चावी (वेळ लावायची बाजूची गुंडी), या तिन्ही ठिकाणी गॅस्केट असतात, बहुतेक रबरासारख्या बारीक कड्या. त्या वाळतात, कडक होतात, चपट्या होतात. मे महिन्यात ट्रॅक्टरच्या बॉनेटवर काढून ठेवलेल्या घड्याळाचं काय होत असेल ते तुम्हीच ठरवा. त्यात आमची फवारणी. झाडाच्या बुंध्याला बोर्डो पेस्ट लावताना, नाहीतर कीटकनाशकाचा पंप पाठीवर असताना, मी घड्याळ घरीच ठेवतो. ती औषधं पट्ट्यालाही सोसत नाहीत आणि गॅस्केटलाही.

म्हणूनच सेलवाल्या घड्याळाच्या वाटेला मी गेलो नाही. सेल बदलायचा म्हणजे झाकण उघडायचं, आणि उघडलेलं झाकण नव्या गॅस्केटशिवाय, दाबाच्या तपासणीशिवाय बंद केलं तर त्या दोनशेला काही अर्थ उरत नाही. आमच्या बाजारातले घड्याळवाले काकाजी हाताचे पक्के आहेत. बाबांचं चावीचं एचएमटी जनता त्यांनीच आजवर जिवंत ठेवलंय. पण प्रेशर टेस्टचं मशीन त्यांच्याकडे नाही आणि ते तसं स्वच्छ सांगतात. “भाऊ, खोलून देतो. पाण्याची ग्यारंटी मात्र मले मागू नका.” असा माणूस मला आवडतो. तर मी उजेडावर चालणारं घेतलं, सिटिझनचं इको-ड्राइव्हवालं प्रोमास्टर. पूर्ण चार्ज झालं की अंधारातही सहाएक महिने चालतं, आणि ऊन तर आमच्याकडे फुकट. झाकण वर्षानुवर्षं उघडावं लागत नाही. बजेट कमी असेल तर कॅसिओचं एमडीव्ही-१०६ वाईट नाही. २०० मीटर लिहिलेलं आहे, चावी स्क्रूची, म्हणजे आट्यांवर आवळून बसणारी आहे, पण ‘डायव्हर्स’ या मानकाचा दावा नाही आणि सेल बदलण्याचं झेंगट आहे.

रोज चावी द्यावी लागणारं घड्याळ मात्र या कामाला नको. स्क्रूची चावी रोज उघडायची, फिरवायची, पुन्हा आवळायची. आटे आणि गॅस्केट दोन्ही झिजतात. आणि एक दिवस नीट न आवळताच आपण पाण्यात उतरतो.

घरच्या घरी करण्यासारखी एक तपासणीही आहे, आणि ती करायला विदर्भासारखी जागा नाही. मानकात अशी चाचणी आहे की घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत तापवायचं, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभराने पुसायचा. काचेच्या आतून धुकं दिसलं तर आत ओल शिरलेली आहे. प्रयोगशाळेत यासाठी तापवायची तबकडी लागते. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी ओसरीत ठेवलेलं घड्याळ आपोआप तेवढं तापतं. माठातलं पाणी, एक थेंब, झालं. धुकं दिसलं नाही म्हणजे गॅस्केट दाब सोसेलच असं नाही, हे लक्षात ठेवा. दिसलं तर मात्र उतरायचंच नाही.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे कडेचं फिरतं वर्तुळ, बेझल. ते एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरलं पाहिजे. उतरताना त्यावरचा त्रिकोण मिनिट काट्यासमोर आणायचा. मग काटा जिथे असेल तेवढी मिनिटं झाली. खाली पाठीवरच्या हवेच्या टाकीला, दगडाला धक्का लागून बेझल सरकलंच, तर झालेला वेळ जास्त दिसतो, कमी कधीच नाही. म्हणजे चूक झाली तरी माणूस लवकर वर येतो. १९५३ च्या सुमारास ब्लाँपँचं फिफ्टी फॅदम्स आणि रोलेक्सचं सबमरिनर आलं, तेव्हापासून डायव्हिंगच्या घड्याळाचा चेहरा जवळपास हाच राहिलाय.

आज खोली आणि वेळेचा सगळा हिशेब मनगटावरचा डायव्ह कॉम्प्युटर ठेवतो, आणि तोच ठेवायला हवा. माझा कॉम्प्युटर उजव्या हाताला, घड्याळ डाव्या. कॉम्प्युटर बंद पडला तर घड्याळ असावं. वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, ती मी सेकंद काट्यावर मोजतो. त्या काट्यावरही चमकणारा ठिपका हवा. अंधारात घड्याळ चालू आहे की थांबलंय, हे त्याच्यावरूनच कळतं.

रंगाबद्दल मित्रांचा फार आग्रह होता. संत्र्याच्या गावचा माणूस, डायल नारिंगीच पाहिजे! दिसते छानच. पण पाणी आधी लाल रंग खातं, पाच-सहा मीटरलाच तो मळका होतो, आणि नारिंगीचा नंबर त्याच्या मागोमाग लागतो. तारकर्लीचं पाणी गढूळ असलं तर विचारूच नका. काळी डायल, जाड पांढरे काटे, रेडियम भरपूर. बस. (आता घड्याळांत खरं रेडियम नसतं, पण आमच्याकडे अंधारात चमकणाऱ्या सगळ्याला रेडियमच म्हणतात.)

पट्टा रबराचा नाहीतर नायलॉनचा. चामडं समुद्रात कुजतं. वेटसूटच्या, म्हणजे डायव्हिंगच्या रबरी सूटच्या बाहीवरून बांधणार असाल तर वर घट्ट वाटणारा पट्टा खाली सैल होतो, कारण त्या रबरातले (निओप्रीनमधले) हवेचे बुडबुडे दाबाने आकसतात. मी सरळ उघड्या मनगटावर बांधतो आणि बाही मागे सारतो. एकसलग नायलॉनच्या पट्ट्याची एक सोय आहे, एका बाजूची पिन निसटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकून राहतं.

समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं आणि पाण्यातच बेझल फिरवायचं, नाहीतर मीठ धरून ते अडकतं. गावाला आल्यावर बोअरच्या पाण्याने धुऊ नका, पांढरा थर बसतो. फिल्टरचं घ्या.

बगीच्यातही हेच बेझल सगळ्यात जास्त कामी येतं. रात्रीची लाइन आली की मोटर सुरू करायची, ठिबकचा एक वॉल उघडायचा, त्रिकोण काट्यासमोर आणायचा आणि धुऱ्यावर बसायचं. पाऊण तास झाला की दुसरा वॉल. मोबाइलचा अलार्म लावता येतो, पण ओलिताच्या चिखलात मोबाइल काढायला हात कोरडे कुठे असतात?

ज्यांना फक्त एकदा तारकर्लीला पाण्याखाली जाऊन फोटो काढायचाय, त्यांनी यातलं काहीच घेऊ नये. प्रशिक्षक हात धरूनच नेतो. आपलं घड्याळ बॅगेत ठेवा. आणि नागपुरात कुठे जुनं डायव्हर स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्या, पण नव्या गॅस्केटचा आणि प्रेशर टेस्टचा खर्च धरूनच भाव करा, आणि टेस्ट होईस्तोवर ते पाण्याबाहेर ठेवा.