पलंग सरकवला

आमच्या घरात चौदा खोल्या, एक स्वयंपाकघर आणि तीन न्हाणीघरं. बाहेरच्यांना वाटतं, बेघर माणसाला छप्पर देणं हे आमचं काम. छप्पर तर पहिल्याच दिवशी मिळतं. पुढचे सहा महिने जातात ते फ्रीजमधला कुठला कप्पा कुणाचा, न्हाणीघर धुण्याची पाळी कुणी चुकवली, रात्री अकरानंतर फोनवर मोठ्याने कोण बोलतं, यात. मी पाहिलंय, माणसं इथून निघून गेली ती बहुतेक अशाच कारणांनी. व्यसनामुळे गेलेले त्या मानाने थोडे.

नऊ नंबरच्या खोलीतले काका बारा वर्षं उघड्यावर झोपले होते. चावी घेतली, सही केली, आणि त्याच रात्री दोनच्या फेरीत ते मला मुख्य दाराजवळच्या बोळात दिसले. बूट उशाला, पाठ भिंतीला. यात नवल नव्हतं. नवीन आलेले कित्येकजण जमिनीवर झोपतात, दिवा मालवू देत नाहीत, पिशवी आठवडेच्या आठवडे बांधलेलीच ठेवतात. पण तो बोळ म्हणजे आग लागली तर बाहेर पडायची वाट. ती मोकळीच हवी, त्यात मीही तडजोड करत नाही. आठवडाभर रोज रात्री त्यांना उठवलं. ते मुकाट्याने खोलीत जायचे आणि तासाभराने परत बोळात.

शेवटी त्यांना विचारलं, "काका, तुमच्या पलंगावर जरा आडवी होऊन बघू?" झाले, आणि लगेच कळलं. दार डोक्यामागे. बाहेर पावलं वाजली की उठून बसल्याशिवाय कोण आलं ते दिसत नाही. दोघांनी मिळून पलंग ओढला. डोकं कोपऱ्यात, पाठ भिंतीला, नजर थेट दारावर. काकांनी आतली कडी सात-आठ वेळा लावून काढून पाहिली. दाराखालच्या फटीतून येणारा उजेड त्यांना हवा होता, म्हणून बोळातला दिवा रात्रभर चालू ठेवायचं ठरवलं. त्या रात्री दोन वाजता बोळ रिकामा होता. नऊ नंबरच्या दाराशी उभी राहून मी त्यांचं घोरणं ऐकलं. या नोकरीत इतकं समाधान मला फार कमी वेळा मिळालंय.

असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी तपासणी. तपासणीला येणारे लोक पलंगांमधलं अंतर मोजतात, खोलीतल्या माणसाला एक प्रश्न विचारत नाहीत. दिवसपाळीच्या सहकाऱ्याने दार वाजवलं, काका कामावर गेलेले. त्याने जादा चावीने खोली उघडली, पलंग आराखड्याप्रमाणे पूर्वीच्या जागी नेला, खालचं गाठोडं नीट बांधून कपाटात ठेवलं. तो आमच्यातला सगळ्यात शिस्तीचा माणूस. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

संध्याकाळी काका आले तेव्हा माझी पाळी नुकतीच सुरू झाली होती. उंबऱ्यावरूनच त्यांनी खोली पाहिली. मग गाठोडं घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"ही गाठ माझी नाही."

एवढंच बोलले. चावी ठेवली आणि गेले.

नोंदवही उघडली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं: "खोली ९. पलंग सरकवला." का सरकवला, ते नाही. आमच्या वहीत भांडणाला अर्धं पान मिळतं, प्रत्येक गोळीची वेळ लिहिली जाते. माणसाला झोप कशाने लागली, याला रकाना नाही. पण एक ओळ लिहायला मला कुणी अडवलं नव्हतं.

फिनलंडने २००८ पासून रात्रनिवारे कमी करत नेले आणि बेघर माणसाच्या हातात आधी त्याच्या नावाचा भाडेकरार दिला. आधी व्यसन सोड, मग घर, असली अट घातली नाही. प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा माझं सगळं लक्ष घराकडे होतं. आता ते करारावर अडकलंय. आमच्याकडे राहणाऱ्यांना करार नसतो, "वास्तव्याची परवानगी" असते. म्हणून जादा चावी आमच्या खिशात, आणि ती वापरताना आपण कुणाच्या घरात शिरतोय असं आम्हाला वाटतही नाही.

सलग सात रात्री खोली रिकामी राहिली तर ती प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला द्यावी लागते. तोही उघड्यावरच असतो, त्यामुळे मुदत वाढवून मागायला माझी जीभ रेटत नाही. काल पाचवी रात्र होती. बसथांब्याच्या आडोशाला काका सापडले. मी सांगितलं, पलंग परत कोपऱ्यात नेलाय, कारण वहीत लिहिलंय, गाठोडं तुमच्याशिवाय कुणी उचलणार नाही.

"दिवसा कोण असतो?" त्यांनी विचारलं.

मी सहकाऱ्याचं नाव सांगितलं. त्यांनी ते पुटपुटून पाहिलं. मी पुढे केलेली चावी घेतली नाही.

"त्यालाच घेऊन या," म्हणाले.

सहकाऱ्याची आज सुट्टी आहे. फोन केला तर बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, किती वाजता निघायचं?