गावच्या गाण्यात लालबाग कशाला?

आमच्या कोकणातल्या जाखडी नाचगाण्याची बारी, म्हणजे दोन शाहिरांचा सवाल-जवाबाचा सामना, संपून मृदंगाला गवसणी घालत असतो, तेव्हा कोणीतरी हटकून विचारतं, "शाहीर, तुम्ही गुहागरकडचे. मग तुमच्या जाखडीत सारखी मुंबई कशाला? गावचं गाणं गावचं ठेवा की!" तेवढ्यात चहा येतो आणि उत्तर राहून जातं. आज तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

आधी नावच बघा. आपण म्हणतो जाखडी. मुंबईने त्याला बाल्या डान्स म्हटलं. कानात बाळी घालणारा कोकणातला घरगडी तो बाल्या, असं सांगतात. म्हणजे हाक मारण्यात थोडी हेटाळणीच. पण आपल्याच माणसांनी ते नाव गावाला आणलं आणि आता बॅनरवरही छापतो. मग निव्वळ गावचं कुठून काढू?

आजोबा शिमग्याला आगबोटीने दाभोळला उतरायचे, खाडी ओलांडून वेलदूरला यायचे. परत गेले की आजी जात्यावर बसायची. तिची स्वतःची ओवी होती :

आगबोटीचा ग धूर गेला डोंगराच्या पार
मुंबईच्या पोटामंदी माझं अर्धं घरदार

मला एवढं साधं अजून जमलेलं नाही.

बारीतले दोन पक्ष, शक्तीवाले असोत की तुरेवाले, गण झाला की गौळण आलीच. कृष्ण मथुरेला निघालाय, गोपी रथ अडवतायत. आमच्या वाडीतल्या बायका हे ऐकताना पदर डोळ्यांना लावायच्या, ते काही कृष्णासाठी नव्हे. म्हणून माझ्या एका गौळणीत अक्रूर रथाऐवजी एसटी घेऊन येतो, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. कोकण रेल्वे १९९८मध्ये पूर्ण झाली, तेव्हा लोक म्हणाले, आता रेल्वे घाला. नाही घातली. गुहागरला रेल्वे आहे कुठे? चिपळूणला उतरून पुन्हा एसटीच धरायची!

वडील लालबागला गिरणीत होते. राहायला गावकऱ्यांची खोली. एका खोलीत वीस-बावीस जण, पाळ्या वेगळ्या म्हणून मावायचे. गणपतीच्या आधी महिनाभर तालीम तिथेच, रात्री. पण पहिल्या पाळीचा माणूस तिथेच भिंतीकडे तोंड करून झोपलेला. मग मृदंगावर जुनं धोतर टाकायचं आणि वाजवायचं. बोल स्पष्ट हवेत, माणूस मात्र जागा व्हायला नको. वर्षानुवर्षं असं वाजवून त्यांचा हात मऊ झाला. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत ते वर्षभर खोलीत थांबले आणि मग ट्रंक, मृदंग घेऊन घरी आले. त्या दिवसांबद्दल ते फार बोलत नाहीत, मीही विचारत नाही.

मला मृदंग त्यांनीच शिकवला, इथे, उघड्या अंगणात. इथे थाप पलीकडच्या वाडीत ऐकू गेली पाहिजे. पण शिकवणाऱ्याचा हात खोलीतला. त्यामुळे गाण्यातून लालबाग खोडता येईल हो. हातातून कशी खोडू?

गेल्या वर्षी एका बारीत समोरच्या शाहिराने सवाल टाकला, "हे मृदंग वाजवतायत की कुणाला थोपटतायत?" मंडप खदखदला. वडील पुढेच खुर्चीत होते. तेही हसले, जरा उशिरा.

त्याचा जवाब मी अजून बांधतोय.