तुम्ही विचारलंत म्हणून: दुःखाला निळा लाईट लागतो का?

प्रयोग संपल्यावर विंगेत येणारी माणसं नटांना भेटायला आलेली असतात. त्यातले एखाद-दोघे चुकून माझ्याकडे वळतात आणि कळलं की हा लाईट्सवाला, तर बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो: "कुठल्या भावनेला कुठला रंग, हे ठरलेलं असतं का हो? म्हणजे दुःखाला निळा, रागाला लाल, प्रेमाला गुलाबी?" कॉलेजची मुलं हेच जरा वेगळ्या शब्दांत विचारतात. त्यांना एकांकिकेसाठी तक्ता हवा असतो.

असा तक्ता नाही. असता तर आमची बिदागी केव्हाच बंद झाली असती. पण प्रश्न वाटतो तितका भाबडाही नाही, म्हणून नीट उत्तर देतो.

रंग हा माझ्या कामातला शेवटचा निर्णय असतो. पहिला निर्णय, उजेड कुठून येतो. घरी करून बघा. खोलीत अंधार करा, आरशासमोर उभे राहा आणि मोबाईलचा टॉर्च हनुवटीखाली धरा. नाकाची सावली कपाळाकडे चढते, भुवया उलट्या उजळतात, आपलाच चेहरा परका वाटतो. टॉर्च डोक्यावर न्या. डोळ्यांच्या जागी दोन खड्डे होतात, माणूस दमलेला किंवा कोणीतरी ओरबाडलेला दिसतो. एका कानाच्या रेषेत धरा, अर्धा चेहरा गायब. मग समोरून, थोडा बाजूने, वरून तिरपा धरा. हा आपल्या रोजच्या ओळखीचा चेहरा, कारण खिडकीतलं ऊन आणि अंगणातला उजेड साधारण असाच पडतो. स्टॅन्ली मॅकँडलेस या अमेरिकन शिक्षकाने 1932 साली हीच गोष्ट पद्धतशीर मांडली: प्रत्येक जागेला समोरून दोन स्पॉट, दोन्ही साधारण पंचेचाळीस अंशांवरून, एक किंचित ऊबदार, एक किंचित थंड. आपल्याकडच्या दिवाणखान्याच्या नाटकांत आजही बऱ्याचदा याच बेरजेचं जनरल, म्हणजे सगळ्या रंगमंचावरचा मूळ उजेड, असतं. चार टॉर्च, चार माणसं, आणि अजून जिलेटीनचा, म्हणजे दिव्यापुढे लावायच्या रंगीत कागदाचा, एक तुकडाही आपण वापरलेला नाही.

लाल रंगाचा एक अनुभव सांगतो. एका कौटुंबिक नाटकात नवरा-बायकोच्या कडाक्याच्या भांडणाला दिग्दर्शकाला लाल हवा होता. म्हटलं, रंगीत तालमीला लावून बघू. लावला. बाईंच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू गेलं. ओठही गेले. लाल उजेडात त्वचाही लाल आणि कुंकूही लाल, मग वेगळं दिसायचं काय? पाचव्या रांगेतून बघणाऱ्याला नवरा समोर उभा असताना बाई बिनकुंकवाच्या दिसत होत्या. हिरवं लुगडं काळंकुट्ट झालं ते वेगळंच. दिग्दर्शक दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "हे शेवटच्या अंकाला ठेवता येईल का?" त्या नाटकात नवरा शेवटी मरतो. मला ती कल्पना आवडली होती, पण बाईंनी साफ नकार दिला आणि तो विषय तिथेच संपला. भांडणाला आम्ही शेवटी काय केलं? समोरचे स्पॉट खाली घेतले आणि स्वयंपाकघराच्या दारातून येणारा एक साधा पांढरा झोत तेवढा जोरात ठेवला. दोघांपैकी जो दाराकडे पाठ करील त्याचा चेहरा काळा. भांडता भांडता ते फिरत राहिले आणि प्रत्येक वाक्याला चेहरा कोणाचा, हे बदलत राहिलं.

प्रसंगाचा मूड त्या बदलात असतो, तुमच्या प्रश्नाला मी एवढंच उत्तर देऊ शकतो. डोळा उजेड मोजत नाही, तुलना करतो. लख्ख प्रसंगानंतर आलेला मध्यम उजेड उदास वाटतो, आणि तोच मध्यम उजेड काळोखानंतर आला तर सुटका वाटते. डिमरवर, म्हणजे दिवा कमी-जास्त करायच्या यंत्रावर, आकडा तोच. म्हणून "या प्रसंगाला किती लाईट?" असं कोणी विचारलं की मी आधीच्या प्रसंगाची संहिता मागतो.

आणि बदल किती वेळात, यावर निम्मं काम. खटकन ब्लॅकआऊट झाला की प्रेक्षक दचकतो किंवा टाळी देतो. तोच उजेड पाच-सहा मिनिटांत थोडाथोडा उतरत गेला तर तो उतरला हे कोणाच्याच लक्षात येत नाही. फक्त लोक खुर्चीत पुढे सरकतात, खोकणं कमी होतं, आणि बाहेर पडताना म्हणतात की तिने तो प्रसंग काय केला! तिने केलाच असतो. आपण फक्त तिच्या मागची भिंत हळूहळू पुसून टाकलेली असते.

या हळू उतरण्यात जुन्या हॅलोजनची सर नव्या एलईडीला नाही, हे माझं ठाम मत आहे; तरुण सहकारी यावर मला म्हातारा म्हणतात. हॅलोजनचा दिवा म्हणजे तापलेली तार. पूर्ण जोरात ती 3200 केल्व्हिनच्या आसपास पांढरी जळते, आणि डिमर खाली आणला की थंड होत जाताना पिवळी, मग नारिंगी, मग निखाऱ्यासारखी तांबूस. म्हणजे उजेड कमी होतानाच तो आपोआप सांजावतो. शिवाय तार क्षणात गार होत नाही, त्यामुळे बटण बंद केल्यावरही एक शेवटची धग रेंगाळते. साध्या एलईडीला हे माहीतच नाही. तो शंभरावर जो रंग देतो तोच दहावर देतो, आणि अगदी शेवटच्या टप्प्यात तर पायरी उतरल्यासारखा अडखळतो. महागडे दिवे ही नक्कल आता बरी करतात. पण आपल्या नाट्यगृहांत महागडे दिवे किती आहेत ते तुम्हीही जाणता. बाकी एलईडीचे गुण मला मान्य आहेत: वीज कमी खातो, नट घामाने भिजत नाहीत, जिलेटीन जळून त्याला भोक पडत नाही.

आता नेपथ्य. लोक हा वेगळा विभाग समजतात, जाहिरातीतही नावं वेगळ्या ओळींत येतात. पण उजेड नुसता हवेत दिसत नाही, तो कशावर तरी पडावा लागतो. ते 'कशावर' नेपथ्यकाराच्या हातात. त्याने भिंती पांढऱ्याशुभ्र रंगवल्या की माझा अंधार संपला. एक स्पॉट नटावर टाकला तरी भिंत तो उजेड परत फेकते आणि अख्खी खोली उजळते. म्हणून जाणता नेपथ्यकार भिंत नटाच्या चेहऱ्याहून एक छटा गडद ठेवतो आणि रंगाला चकाकी येऊ देत नाही. घराला छत दिलं तर वरून येणारे माझे सगळे झोत बाद. खिडकी कुठल्या हाताला, यावर सकाळ-संध्याकाळ कुठून येणार ते ठरतं. म्हणून पहिली चहाची बैठक लेखक-दिग्दर्शकाआधी नेपथ्यकाराबरोबर झाली तर मला बरं वाटतं. (होत नाही. सेटच्या भिंतींचे फ्लॅट रंगून टेम्पोत चढले की मग मला फोन येतो.)

संगीत नाटकांच्या काळात ही भानगड नव्हती. मागे राजवाड्याचा, जंगलाचा, रस्त्याचा रंगवलेला पडदा. त्यावर ऊनही रंगवलेलं आणि सावल्याही रंगवलेल्या. पुढे जिवंत माणूस उभा राहिला की त्याची खरी सावली चितारलेल्या झाडावर पडायची. अडॉल्फ आपिया या स्विस माणसाला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नेमकं हेच खुपलं. रंगवलेलं काढा, खऱ्या पायऱ्या आणि खरे चौथरे ठेवा, त्यांच्या सावल्या दिव्यांना पाडू द्या, असं त्याचं म्हणणं. आज आपण ज्याला 'लेव्हल्स' म्हणतो त्यामागे हा विचार आहे.

दाराचं महत्त्व मला तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'ने शिकवलं. 1967 चं नाटक. गावातला एक रिकामा हॉल, चार खुर्च्या, बाहेर जायचं एक दार. त्या दाराची कडी नीट सरकवली नाही की आतला माणूस कोंडला जातो, हे सुरुवातीला अगदी सहज, गप्पांत सांगितलेलं असतं. पुढे नायिका बेणारे बाई त्याच दाराकडे धावतात तेव्हा ते बाहेरून लागलेलं असतं. भिंती हलवल्या नाहीत, रंग बदलला नाही, तरी हॉलचा पिंजरा झाला. अशा ठिकाणी लाईट्सवाल्याने फार काही करू नये. दार अंधारात जाणार नाही एवढं बघावं.

आणि दाराशिवायही होतं. 'घाशीराम कोतवाल' 1972 साली पुण्यात भरत नाट्य मंदिरात झालं तेव्हा दिग्दर्शक जब्बार पटेलांनी नटांचीच भिंत उभी केली. ब्राह्मणांची ती रांग झुलते, गाते, पाठ फिरवते, पलीकडचं लपवते आणि हवं तेव्हा फट ठेवून दाखवते. भिंतच निर्लज्जपणे बघते आहे हे प्रेक्षकाला कळलं की पुण्याची हवा वेगळी रंगवावी लागत नाही. तिकडे सिंधुदुर्गात दशावतारात एक बाकडं असतं. राजा बसला की सिंहासन, उतरला की नुसतं बाकडं. पूर्वी टेंभे, मग पेट्रोमॅक्सच्या बत्त्या. देवळासमोर जत्रेच्या रात्री तेवढ्या उजेडात काळा राक्षस संकासुर आला की पोरं आईच्या पदराआड जायची. तिथे उजेडाला कड असायची आणि कडेपलीकडे खरोखरचा काळोख. आता तिथेही मंडपभर ट्यूब आणि हॅलोजन लागतात. संकासुर तोच आहे, पण तो आता काळोखातून येत नाही. मंडपाच्या टोकापासून चालत येताना दिसतो.

दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 1974 पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने जी नाटकं केली, त्याबद्दल बोलताना जुनी मंडळी प्रकाशयोजना हा शब्दही वापरत नाहीत. मोजके स्पॉट, प्रेक्षक हाताच्या अंतरावर. पण दिवे कमी असले की कुठे *नाही* टाकायचा हे आपोआप ठरतं, आणि ती फार चांगली शाळा.

उलट टोकाचं उदाहरण हवं तर कोलकात्याचे प्रकाशयोजनाकार तापस सेन. उत्पल दत्तांच्या 'अंगार' नाटकात, मिनर्व्हा थिएटरला, 1959 च्या अखेरीस, कोळशाच्या खाणीत अडकलेल्या मजुरांवर पाणी चढत जातं. मालकांना माणसांपेक्षा खाण वाचवायची असते, म्हणून ते पाणी सोडतात. रंगमंचावर पाण्याचा थेंब नाही. सगळं उजेडाने. लोक ते बघायला पुन्हा पुन्हा जात, आणि नाटकापेक्षा दिव्यांची चर्चा जास्त झाली असा आक्षेपही तेव्हा घेतला गेला. मला तो आक्षेप निम्मा पटतो. लाईटला टाळी पडली की माझ्या पोटात गोळा येतो. प्रेक्षक गोष्टीतून बाहेर आला याची ती पावती असते. पण पाणी गळ्यापर्यंत आलेला मजूर दाखवायचा तर गुपचूप कसं दाखवणार?

हे सगळं कागदावरचं. प्रत्यक्षात दुपारचा प्रयोग शिवाजी मंदिरला, रात्रीचा ठाण्याला गडकरीला. मधल्या वेळात सेट उतरवा, टेम्पो भरा, ट्रॅफिकमध्ये बसा, पुन्हा लावा. एका ठिकाणी दिवे टांगायचा बार जिथे असतो तिथे दुसरीकडे नसतो. एका गावात, नाव सांगत नाही, डिमर फक्त दोनच गोष्टी करत होता: चालू आणि बंद. म्हणून दौऱ्याच्या नाटकात मी क्यू, म्हणजे उजेड बदलायच्या खुणा, कमी ठेवतो. आणि त्यातला प्रत्येक क्यू ऑपरेटरच्या हाती असतो. नटाने एखाद्या रात्री पॉज लांबवला तर फेडरवरचं, म्हणजे डिमरच्या सरकपट्टीवरचं, बोट थांबलं पाहिजे. बोट घड्याळाकडे बघून चाललं की सगळी प्रकाशयोजना वाया. हा माणूस जाहिरातीत कुठे नसतो, पडदा पडल्यावरही त्याला कोणी पुढे बोलवत नाही.

तेव्हा एकांकिकावाल्या मुलांनो, तुमच्याकडे चार स्पॉट आहेत असं धरून चालू. दोन समोरून तिरपे, चेहऱ्यांसाठी. एक मागून, म्हणजे नट भिंतीला चिकटलेला दिसणार नाही. चौथा दारातून किंवा खिडकीतून, आणि नाटक कुठे वळतं ते शोधून तोवर त्याला हात लावू नका. निळा कागद आणायचाच असेल तर रात्रीच्या प्रसंगाला ठेवा. अंधुक उजेडात आपला डोळा खरंच निळ्याला जास्त जागतो, तेव्हा तिथे तो शोभेल. रडणाऱ्या आईवर टाकू नका. ती आजारी दिसेल, आणि परीक्षक लिहून घेतील.